इम्प्लांटचा दात किती वर्षं टिकतो, आणि त्याची निगा कशी राखायची

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एक मावशी दवाखान्यात आल्या. हातात रुमालाची पुरचुंडी होती आणि पुरचुंडीत त्यांचा इम्प्लांटचा दात, कॅपसकट आणि हाडातल्या स्क्रूसकट. सहा वर्षांपूर्वी मुलानं पुण्यात बसवून दिला होता. "दुखलं काहीच नाही ओ डॉक्टर. भाकरी खाताना हातातच आला," असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की वर्षभर तिथल्या हिरडीतून रक्त येत होतं, बोटानं दाबलं की पूही यायचा, तोंडाला वास यायचा. पण दुखत नव्हतं, म्हणून कुणाला दाखवलं नाही.

बेळगावात दातांची प्रॅक्टिस करताना हाच प्रसंग माणसं बदलून माझ्यासमोर येत राहतो. ऊसबिल आलं की निपाणी-चिकोडीकडचे शेतकरी आईवडिलांचे दात बसवून घेतात, नोकरीला गेलेली मुलं पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात बसवून देतात. पैसा मोठा असतो, हौस असते. पण बसवल्यानंतर काय करायचं हे घरात कुणालाच नीट सांगितलेलं नसतं. ते इथे सविस्तर लिहिते.

किती वर्षं टिकतो?

"लाइफटाइम आहे म्हणाले" हे वाक्य मी रोज ऐकते. त्यात अर्धं खरं आहे. आपण ज्याला एक दात म्हणतो ते तीन वेगळे भाग असतात आणि तिघांचं आयुष्य वेगळं असतं.

हाडात बसतो तो टायटॅनियमचा स्क्रू. खरं इम्प्लांट म्हणजे हेच, दाताच्या मुळाची जागा घेणारं. १९५० च्या दशकात स्वीडनमधले पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडावर प्रयोग करत होते. हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी काढायला गेले तर निघेना, हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. त्यावरून १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो रुग्ण २००६ साली वारला, तोपर्यंत त्याचे इम्प्लांट चाळीस वर्षं काम देत होते. आजचा सर्वसाधारण हिशेब असा: बसवलेल्या १०० पैकी ९० ते ९५ स्क्रू दहा वर्षांनंतरही जागेवर असतात, आणि नीट सांभाळलेले पुष्कळसे वीस-पंचवीस वर्षं सहज जातात.

स्क्रूवर एक जोडखिळा बसतो, त्याला अबटमेंट म्हणतात. तो आतल्या छोट्या पेचानं घट्ट केलेला असतो आणि चावण्याच्या जोरानं हा पेच कधीतरी ढिला पडू शकतो. वेळेत आलात तर तो पुन्हा आवळून देता येतो.

सगळ्यात वर कॅप. ती १० ते १५ वर्षांत झिजते किंवा तिचा टवका उडतो, मग बदलावी लागते. याला इम्प्लांट फेल झालं म्हणत नाहीत. ट्रॅक्टरचे टायर बदलले म्हणून कुणी ट्रॅक्टर गेला म्हणत नाही. कॅपचा पुढेमागे खर्च येणार हे मात्र पहिल्या दिवशीच धरून चाला. दोन-चार इम्प्लांटवर काढघाल करायची कवळी बसवली असेल, तर ती इम्प्लांटवर अडकवणाऱ्या बटणांच्या नायलॉनच्या वाट्या साधारण वर्षा-दोन वर्षांनी ढिल्या होतात. त्या बदलणं हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

दुखत का नाही?

हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. आपल्या नैसर्गिक दातात नस असते, आणि दात व हाड यांच्यामध्ये बारीक धाग्यांची एक गादी असते. दाताखाली खडा आला की आपण चटकन थांबतो ते या गादीमुळे. इम्प्लांटला नस नाही आणि गादीही नाही, हाड थेट धातूला चिकटलेलं. धातूचा असल्यामुळे त्याला कीड लागत नाही, नस नसल्यामुळे रूट कॅनाल लागत नाही, थंड-गरम झोंबत नाही. पण त्याच्यावर फार जोर पडतोय किंवा त्याच्याभोवतीचं हाड खातंय, हेही कळत नाही.

त्यात हिरडीची पकड कमी. नैसर्गिक दातात हिरडीचे धागे मुळात घुसलेले असतात. इम्प्लांटभोवती ती शर्टाच्या कॉलरसारखी नुसती वेढून बसते. कडेला अन्नाचा थर राहिला की जंतू त्या कॉलरीतून खाली उतरतात. आधी फक्त हिरडी सुजते आणि ब्रश करताना रक्त येतं. या टप्प्यावर नीट सफाई केली तर ती पूर्ण बरी होते. दुर्लक्ष झालं तर सूज हाडापर्यंत जाते आणि हाड झिजायला लागतं. गेलेलं हाड पूर्ववत मिळवणं अवघड, खर्चिक आणि बेभरवशाचं असतं. मावशींचं नेमकं हेच झालं होतं.

बसवायच्या आधी

साखर तपासा. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही चाचणी असते. ती ७ च्या आसपास असेल तर मी निश्चिंत असते, ८ च्या वर असेल तर थांबायला सांगते. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट होतच नाही, हा गैरसमज आहे. साखर आटोक्यात असलेल्यांचे इम्प्लांट चांगले टिकतात.

आधीचे दात हलून हलून पडले असतील तर त्याला कारण बहुधा हिरडीचा आजार असतो. तो आजार बरा न करता इम्प्लांट बसवणं म्हणजे वाळवी लागलेल्या घराला नवा खांब देणं. आधी उरलेल्या दातांची सफाई आणि उपचार, मग इम्प्लांट.

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल, कॅन्सरवर औषध घेतलं असेल, जबड्याला कॅन्सरचा शेक (रेडिएशन) दिलेला असेल, तर न विचारताही सांगा. अशांपैकी काही औषधांवर असताना जबड्यात शस्त्रक्रिया केली तर हाड भरून न येण्याचा धोका असतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना औषधाचं नाव माहीत नसतं, तेव्हा गोळ्यांचं पाकीटच घेऊन या.

एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा: कॅप सिमेंटनं चिकटवणार की पेचानं बसवणार? जमेल तिथे पेचाची घ्या, असं माझं मत आहे. ती पुढेमागे उघडून साफ करता येते. शिवाय सिमेंटचा जादा तुकडा हिरडीखाली राहून सूज धरण्याचा धोकाही टळतो. पेच घालायचं कॅपवरचं भोक दातासारख्या मसाल्यानं बुजवलेलं असतं. ते बुजवण निघालं तर अन्न अडकू लागेल, चार दिवसांत दाखवा.

बसवल्यानंतरचे पहिले दिवस

पहिले २४ तास जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, नळीनं काही प्यायचं नाही. रक्ताची गुठळी जागेवर राहायला हवी. बाहेरून गालावर बर्फ, दहा मिनिटं लावून दहा मिनिटं थांबायचं. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हलक्या गुळण्या. क्लोरहेक्सिडीनचं औषधी पाणी दिलं असेल तर ते सांगितलेले दिवसच, साधारण एक-दोन आठवडे. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव जाते.

खायला मऊ भात, ताक, वरण, थंड केलेली नाचणीची आंबील. भाकरी हवीच असेल तर आठवडा गेल्यावर दुधात किंवा आमटीत कुस्करून, तीही दुसऱ्या बाजूनं. तांबडा रस्सा टाके निघेपर्यंत नको. टाके ७ ते १० दिवसांत काढतात.

मग येतो वाट पाहण्याचा काळ. हाड धातूला धरायला खालच्या जबड्यात दोन-तीन महिने, वरच्यात चार ते सहा महिने लागतात. वरचं हाड थोडं पोकळ असतं म्हणून जास्त. "लग्न पुढच्या महिन्यात आहे, लवकर बसवा की ओ" असा आग्रह मी नेहमी ऐकते. काही ठिकाणी लगेच तात्पुरता दात बसवता येतो, पण ते हाड बघून डॉक्टरांनी ठरवायचं असतं. तात्पुरता दात फोटोपुरता असतो, त्यानं चावायचं नाही.

रोजची सफाई

सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा. रात्रीची जास्त महत्त्वाची, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. क्रम असा ठेवा.

मऊ दातांचा ब्रश घ्या आणि तो हिरडी व कॅप जिथे भेटतात त्या कडेवर तिरपा ठेवा. जागच्या जागी बारीक हलवा. बाहेरची बाजू सगळेच करतात. जिभेकडची, आतली बाजू राहून जाते आणि पू नेमका तिथे होतो. आरसा घेऊन बघत करा.

मग फटीतला ब्रश. बाटली साफ करायच्या ब्रशची छोटी प्रतिकृती समजा, मेडिकलमध्ये इंटरडेंटल ब्रश म्हणून मिळतो. मधल्या तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असलेला घ्या, उघडी तार धातूवर ओरखडे पाडते. इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंच्या फटींत तो आत-बाहेर चार-पाच वेळा फिरवा. जोर लावून कोंबू नका. मापं वेगवेगळी असतात, तुमच्या फटीला कुठलं बसतं ते एकदा डॉक्टरांकडून बघून घ्या.

सगळे दात एकसंध बसवले असतील तर त्यांच्या आणि हिरडीच्या मधून जाड, फुगीर फ्लॉस ओवावा लागतो. त्याचं एक टोक कडक असतं, ते सुईसारखं आत घालायचं. सांधेदुखीमुळे बोटं चालत नसतील तर पाण्याचा फवारा मारणारं यंत्र मिळतं. चांगलं आहे, पण तो फवारा ब्रशची जागा घेत नाही. बटणाची कवळी रात्री काढून घासून पाण्यात ठेवा आणि तोंडातली बटणंसुद्धा ब्रशनं घासा. कवळी धुतात आणि बटणं विसरतात, असे कितीतरी जण मी बघते.

राखुंडी, मीठ, लाल दंतमंजन, विटकरीची भुकटी यांतलं काहीही इम्प्लांटवर नको. त्यानं कॅपची झिलई जाते, धातूवर चरे पडतात आणि चऱ्यांत घाण आणखी चिकटते. साधी फ्लोराइडची पेस्ट पुरे. कडुनिंबाची काडी ज्यांना आवडते त्यांनी बाकीच्या दातांना लावावी. इम्प्लांटच्या फटीत ती पोचत नाही.

मिश्री

इथे मला थोडं थांबावं लागेल. निपाणीची तंबाखू सगळ्या मुलखात प्रसिद्ध. तिच्यावर इथली घरं उभी राहिली, तिच्या भावासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी मोठं आंदोलन केलं. त्याच तंबाखूची तव्यावर भाजून केलेली मिश्री आमच्या भागातल्या बायका सकाळ-संध्याकाळ दाताला लावतात. बहुतेकींना ती तंबाखू वाटतच नाही. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की "छे ओ" म्हणतात, आणि पुढच्या वाक्याला "मिश्री तेवढी लावते." म्हणून मी आता थेट मिश्रीबद्दलच विचारते.

तंबाखूतलं निकोटीन हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसवतं. जखम भरायला लागणारं रक्त कमी पोचतं, हाड स्क्रूला नीट धरत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त असतं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट अशी की रक्तवाहिन्या आकसल्यामुळे हिरडीतून रक्तही कमी येतं. मुळात न दुखणारा दात, त्यात रक्ताची खूणही पुसली गेली. आतलं हाड अर्धं जाईपर्यंत वरून सगळं ठीक दिसतं. पुरचुंडीतला दात घेऊन आलेल्या मावशीही तीस वर्षं मिश्री लावत होत्या, आणि तरीही रक्त येत होतं. त्यावरून आतली सूज किती असेल याची कल्पना करा.

सोडा म्हटलं की सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. मिश्री ही सकाळच्या कामाआधीची पाच मिनिटांची बसकण असते. शेजारणीशी बोलणं असतं. "लावली नाही तर पोट साफ होत नाही" असंही पुष्कळजणी सांगतात. ज्यांनी सोडली त्यांनी वेळ तीच ठेवली आणि हातातली वस्तू बदलली. त्याच पायरीवर बसून ब्रश करायचा, मग कोमट पाणी प्यायचं. तलफ आली की बडीशेप किंवा लवंग. आधी संध्याकाळची बंद करायची, दोन आठवड्यांनी सकाळची. घरातल्या दोघी-तिघींनी मिळून सोडली तर जास्त टिकतं. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत. निदान इम्प्लांटच्या आधी दोन आठवडे आणि नंतर दोन महिने तरी पूर्ण बंद, ही माझी अट असते. गुटखा, मावा, चुना-तंबाखू, विडी, सगळ्यांना हीच.

खाणं आणि रात्रीचं दात खाणं

दात पक्का बसल्यावर भाकरी, मटण, भाजलेलं कणीस सगळं खाता येतं. त्यासाठीच तर तो बसवलेला असतो. पण सुपारी फोडणं, नळीचं हाड चावणं, ऊस सोलणं, बाटलीचं झाकण उघडणं ही कामं इम्प्लांटनं करू नका. खालून जोर कळत नसल्यामुळे कॅप फुटते किंवा पेच तुटतो. ऊस गाडीवरचा रस म्हणून प्या. गोकाकचा करदंट छोटे तुकडे करून खा आणि नंतर फट साफ करा, तो चिकट असतो. कुंदा खुशाल खा, फक्त नंतर चूळ भरा.

झोपेत दात करकर खाण्याची सवय बहुधा शेजारी झोपणाऱ्या माणसालाच माहीत असते, तेव्हा घरात विचारा. असेल तर रात्री घालायची पारदर्शक प्लेट करून घ्या. वारंवार पेच ढिले होण्यामागे पुष्कळदा हेच कारण निघतं.

तपासणी: मृगाच्या आधी, दिवाळीच्या नंतर

पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी या. पुढे वर्षातून दोनदा. कणकुंबी-जांबोटीकडच्या लोकांना भर पावसात या म्हणण्यात अर्थ नाही, म्हणून मी तारखांऐवजी असं सांगते: पेरणीच्या गडबडीआधी मे महिन्यात एकदा, आणि दिवाळी झाल्यावर एकदा. आपोआप सहा महिन्यांचं अंतर पडतं. मधुमेह असेल, आधी हिरडीचा आजार झालेला असेल किंवा तंबाखू सुटली नसेल, तर कायम दर तीन-चार महिन्यांनी.

त्या भेटीत काय व्हायला हवं हेही माहीत असू द्या. इम्प्लांटभोवती बोथट सळईनं खोली मोजायला हवी, रक्त किंवा पू येतोय का बघायला हवं, कॅप हलते का आणि वरचा दात त्यावर नीट बसतो का ते तपासायला हवं. सफाई करताना नेहमीची स्टीलची टोकं धातूवर घासू नयेत, त्यासाठी प्लॅस्टिकची किंवा टायटॅनियमची असतात. कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रे हा पाया. वर्षानं दुसरा काढून त्याच्याशी ताडतात. पहिल्या वर्षात एक-दीड मिलिमीटरपर्यंत हाड उतरणं स्वाभाविक धरतात, नंतर मात्र वर्षाला ०.२ मिलिमीटरहून कमी असायला हवं.

खर्चाची अडचण असेल तर बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, पण तपासणी सावकाश होते.

लगेच यायचं कधी?

ब्रश करताना रक्त, दाबल्यावर पू, वास, हिरडी खाली सरकून धातू दिसू लागणं, किंवा चावताना काहीतरी वेगळं वाटणं, यांतलं एकही दिसलं तर आठवड्याच्या आत. मेडिकलमधून सुजेच्या गोळ्या आणून खाऊ नका. पू चार दिवस थांबतो, खालची घाण तशीच राहते आणि हाड जातच राहतं. मला सगळ्यात जास्त दात या गोळ्यांनी गमावलेले दिसतात.

दात हलतोय असं वाटलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा वरचा पेच ढिला झालेला असतो आणि खालचा स्क्रू पक्का असतो. पण त्यानं चावणं थांबवा आणि दोन दिवसांत या, ढिल्या पेचावर चावत राहिलात तर तो आत तुटतो. कॅप निघून हातात आली तर डबीत घालून आणा. घरच्या गमानं चिकटवू नका. एका काकांनी चिकटवली होती, ती काढताना अबटमेंटही बदलावं लागलं.

कागद

हे शेवटी लिहितेय, पण आमच्या सीमाभागात याच्यावाचून सगळ्यात जास्त अडतं. दात पुण्यात बसवलेला, तक्रार खानापुरात, तपासणी बेळगावात, आणि मुलगा तोवर बंगळुरूला बदलून गेलेला. पुष्कळ कंपन्यांच्या पेचांना वेगवेगळे पेचकस लागतात. कंपनी माहीत नसेल तर साधा ढिला पेच आवळायला मला एक्स-रेवरून अंदाज बांधत दिवस घालवावे लागतात, पार्ट मागवायला आणखी आठवडे.

म्हणून बसवणाऱ्या डॉक्टरांकडून हे लिहून घ्या: इम्प्लांटच्या कंपनीचं आणि मॉडेलचं नाव, जाडी आणि लांबी मिलिमीटरमध्ये, पाकिटावरचा लॉट नंबर (त्याचं स्टिकर असतं, तेच मागा), कुठल्या दाताच्या जागी, बसवल्याची आणि कॅपची तारीख, कॅप पेचाची की सिमेंटची, आणि एक्स-रेची प्रत. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. मूळ कागद रेशनकार्ड आणि सातबारा असतो त्या पिशवीत ठेवा, आणि आईला किंवा आज्जीला दवाखान्यात पाठवताना सोबत कुणीही असलं तरी ती पिशवी बरोबर द्या.